तवा उतरवून बसू या

माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात नव्याने आलेली बाई पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगते. मुलांना काहीतरी वेगळं हवंय, ही पहिली. दुसरी जरा खालच्या आवाजात येते: रात्री फार वेळ ओट्यापाशी उभं राहवत नाही. फी ती पहिलीसाठी भरते, पण मी शिकवते दुसरीसाठी.

जळगावात हे वर्ग मी घरीच घेते. आठवड्यातून एकदा एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाते. तिथे देवपुरात एका मैत्रिणीचं ऐसपैस स्वयंपाकघर आहे. येणाऱ्यांत शिक्षिका असतात, नर्स असतात, दुकान सांभाळणाऱ्या असतात, दिवसभर घरचंच बघणाऱ्याही असतात. शिकवते ते मेक्सिको, सेनेगल, सुदान, स्पेन इथलं रोजचं जेवण. तिथेही आईबाप दमून घरी येतात, मुलांना भूक लागलेली असते आणि तासाभरात ताटं मांडायची असतात. त्या तासात तिथली माणसं काय शिजवतात, ते मला शिकायचं होतं.

आपल्या रात्रीच्या जेवणाला चवीत कुणी हात धरणार नाही. शेवभाजीचा लालभडक रस्सा, घोटलेली वांग्याची भाजी, उडदाचं घट्ट वरण, बाजूला ठेचा आणि गरम भाकरी. पण या जेवणाची घडणच अशी आहे की करणारीला त्यात बसता येत नाही. दादर ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच ताटात पडायला हवी, गार झाली की कडक होते. म्हणून आबा, जिजी, मुलं, नवरा जेवत असतात तेव्हा ती तव्यापाशी उभी. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांवर गेलेला असतो, संध्याकाळीही भिंती तापलेल्या असतात आणि समोर गॅसची शेगडी. शेवटची भाकरी तिची. तोवर रस्सा तळाशी गेलेला आणि बाकीचे हात धुऊन टीव्हीसमोर. घरातली माणसं वाईट असतात असं मुळीच नाही. ‘तूही बस ना’ म्हणणारे नवरे मी पाहिले आहेत. पण ती बसली तर भाकऱ्या कोण टाकणार, याचं उत्तर कुणी देत नाही.

म्हणून परक्या देशातलं जेवण निवडताना माझी एकच कसोटी असते. सगळं आधी होऊन मध्ये ठेवता येतं का? ठेवता येत असेल तर ते मी शिकवते. नसेल, तर ते कितीही गाजलेलं असो, माझ्या वर्गात त्याला जागा नाही.

सामानाची काळजी बायकांना फार असते. परदेशी पदार्थ म्हटला की डोळ्यांसमोर मोठ्या दुकानातली बाटल्यांची फळी येते. मी त्यांना आपलंच फडताळ उघडायला लावते. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, बटाटा, मका, राजमा, गंगाफळ, रताळं, पेरू, पपई हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. 1492 मध्ये कोलंबस तिथे पोचला, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि पुढच्या काही शतकांत ही पिकं आपल्याकडे रुजली. त्याआधीच्या खानदेशात मिरचीचा ठेचा नव्हता, दाण्याचं कूट नव्हतं. ज्वारी, बाजरी, चवळी आणि चिंच त्याच्याही हजारो वर्षं आधी आफ्रिकेतून आलेली. उलट केळं आपल्या बाजूचं, आग्नेय आशियातलं. ते आफ्रिका ओलांडून पश्चिमेकडे गेलं आणि 1516 च्या सुमारास कॅरिबियन बेटांवर लावलं गेलं. म्हणजे मेक्सिकोच्या किंवा सेनेगलच्या बाईचा आणि आपला किराणा बराचसा एकच आहे. हे कळलं की समोरच्या बायका जरा सैल होतात आणि वही बाजूला ठेवून भांड्यात डोकावायला लागतात.

जळगावच्या वर्गात सगळ्यात जास्त मागणी टाकोला. मुलांनी पाहिलेला टाको म्हणजे पाकिटातलं कडक, वाकवलेलं कवच. मेक्सिकोतल्या घरात रोज होते ती मऊ, हातभर नव्हे तर तळहाताएवढी मक्याची पोळी, तोर्तिया. ती करायला मी मुद्दाम शिकवते, कारण तिच्यात एक अशी युक्ती आहे जी मक्याबरोबर जगभर जायला हवी होती आणि गेली नाही.

आपल्याकडे मका भरपूर पिकतो. दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च करणारा कारखानाही आहे. तरी नुसत्या मक्याची भाकरी थापताना कडेने तडकते, म्हणून आपण त्यात गहू मिसळतो किंवा तो बट्टीच्या पिठात घालतो. मेक्सिकोत मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. किलोभर मक्याला दहा ग्रॅम खायचा चुना आणि तीन लिटर पाणी. भांडं स्टीलचं घ्यायचं, चुना अल्युमिनियमला खातो. मका बाजारातला खायचा घ्यायचा. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते घरात शिल्लक असलं तरी या कामाला कधीही वापरायचं नाही. पाऊण तास उकळून रात्रभर तसंच झाकून ठेवायचं. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं आणि ओल्या मातीसारखा, किंचित धुरकट वास येतो. दाणे दोन तळहातांत चोळले की वरचं साल शेवाळासारखं सुटून येतं. चारपाच पाण्यांनी स्वच्छ धुवायचे, धुतलेलं पाणी नितळ दिसेपर्यंत. मग मिक्सरमध्ये थोडेथोडे, अगदी जेमतेम पाणी घालून वाटायचे. पाटा-वरवंटा असेल तर त्याच्यासारखं काही नाही. ओले दाणे पिठाच्या गिरणीत नेऊ नका, गिरणीवाला परत पाठवेल.

या वाटलेल्या पिठाचा गोळा हातात घेतल्यावर फरक कळतो. तो दाबला तर कडा फुटत नाहीत. चुन्याने दाण्याच्या सालातला चिवटपणा विरघळतो आणि पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा येतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व, जे एरवी शरीराला मिळत नाही, ते मोकळं होतं. मका युरोपात गेला, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गरिबांचं मुख्य अन्न झाला, पण चुना त्याच्याबरोबर गेला नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या माणसांना पेलाग्रा झाला, कातडी सोलवटली, डोकी बिघडली, माणसं मेली. आपल्याकडेही मका चुन्याशिवायच आला, आणि चुना मात्र घरोघरी पानाच्या डब्यात होता. हा विचार मनात आला की मला अजून हळहळ वाटते.

तोर्तिया लाटायची नसते. पुऱ्या दाबायचं यंत्र बऱ्याच घरांत माळ्यावर पडलेलं असतं, ते काढायचं. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लिंबाएवढा गोळा ठेवून दाबायचा, कडक तापलेल्या तव्यावर टाकायचा, मिनिटभराने उलटायचा, पुन्हा उलटायचा. चांगली जमली तर फुगते. आणि आता माझ्या कसोटीची गोष्ट: तव्यावरून काढलेल्या तोर्तिया जाड सुती फडक्यात गुंडाळून डब्यात एकावर एक रचतात. आतल्या वाफेने त्या मऊ होत जातात आणि अर्धा तास तशाच राहतात. तव्यावरून काढल्याबरोबर खाण्यापेक्षा डब्यात मुरलेली तोर्तिया अधिक चांगली लागते. ज्यांनी उभा जन्म भाकरीमागे धावण्यात घालवला, त्या बायकांच्या चेहऱ्यावर हे ऐकून जो भाव येतो त्याच्यासाठी मी हा वर्ग चालवते म्हटलं तरी चालेल.

बरोबर राजमा किंवा चवळी. शिजवून, कांदा-लसणावर परतून, डावाने घोटून घट्ट केलेली. टोमॅटो, लसूण आणि हिरव्या मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात ठेचायच्या, ही त्यांची साल्सा. मेक्सिकोच्या वेराक्रूस भागात सुक्या मिरच्या, शेंगदाणे, तीळ आणि लसूण तेलात तळून ठेचलेली साल्सा माचा करतात. ती चाखल्यावर आमच्या वर्गातल्या सगळ्या एकदम हसल्या, कारण दाण्याच्या चटणीत थोडं जास्त तेल पडलं तर ती तशीच होते. वर चिरलेली कोबी, कोथिंबीर, लिंबू. सगळं मध्ये ठेवायचं आणि ज्याने त्याने आपलं आपण भरून घ्यायचं. आबांना तिखट हवं तर आबा साल्सा जास्त घेतील. धाकट्याला नुसती चवळी हवी तर तो तशी खाईल. एकाच जेवणात तीन तऱ्हा कराव्या लागत नाहीत.

चुना उकळणं हे दमलेल्या संध्याकाळचं काम नव्हे, हे मला मान्य आहे. ते रविवारी करायचं. धुतलेला मका फ्रीजमध्ये तीनेक दिवस चांगला राहतो, वाटलेलं पीठ डीप फ्रीजमध्ये त्याहून जास्त.

धुळ्याचा वर्ग वेगळा. 1906 मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पण चवीत फरक त्याआधीपासूनच असणार. धुळ्याच्या बायका तिखटाला हसतात आणि रश्श्यावरचं तेल पाहून भाजीची परीक्षा करतात. त्यांच्यासाठी मी आफ्रिकेकडे वळले. सेनेगल आणि मालीमध्ये शेंगदाण्याच्या वाटणातला रस्सा करतात, त्याला माफे म्हणतात. घानातही त्याचा भाऊबंद आहे. शेंगदाणा तिकडेही दक्षिण अमेरिकेतूनच गेला आणि इतका घरचा झाला की त्याच्याशिवाय तिथला स्वयंपाक आता कल्पनेतही येत नाही.

पाच माणसांना एक मोठी वाटी शेंगदाणे लागतात. मंद भाजून, सालं काढून, मिक्सरमध्ये तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत फिरवायचे. कुटावर थांबायचं नाही. दोन कांदे तेलात बदामी करायचे, आलं-लसूण, चार टोमॅटो, दोन लाल मिरच्या. टोमॅटोचा कच्चा वास जाऊन तेल कडेला दिसलं की रताळ्याच्या आणि गंगाफळाच्या मोठ्या फोडी, कोबीचे जाड तुकडे. दाण्याचं वाटण आधी गरम पाण्यात सैल करून मगच घालायचं, थेट घातलं तर गुठळ्या होतात. मग आच अगदी बारीक. दाणा बुडाला लागतो, म्हणून मधूनमधून तळापासून हलवायचं. वीसपंचवीस मिनिटांनी दाण्याचं तेल आपोआप वर येतं आणि रश्श्यावर तवंग धरतो. धुळ्याच्या बायकांना मला पुढे काही सांगावं लागलं नाही. तवंग दिसला की भाजी झाली, हे त्यांना माहीतच होतं.

मी एवढंच बजावते की पहिल्या वेळी त्यात काळा मसाला घालू नका. धणे-जिरे नाहीत, गरम मसाला नाही, तरी रताळ्याचा गोडवा, टोमॅटोचा आंबटपणा आणि दाण्याचा भरीवपणा यांची जी चव येते ती एकदा तशीच घ्या. दुसऱ्या वेळी तुमचं घर, तुमची भाजी. एका मुलीबरोबर तिच्या सासूबाई आल्या होत्या, नऊवारीतल्या, कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलेल्या. सुनेने वाटी पुढे केली तर म्हणाल्या, ‘हाई काय शे?’ आफ्रिकेचं आहे म्हटल्यावर त्यांनी वाटी फिरवून फिरवून पाहिली. एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. मग सुनेकडे न बघताच वाटी पुढे धरली, ‘आखो वाढ.’ त्या सुनेने नंतर मला कळवलं की घरी आता हा रस्सा सासूबाईच करतात, शेंगदाणे भाजण्याचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

याच्याबरोबर भाकरी नको, असा माझा आग्रह असतो. सेनेगलमध्ये भाताबरोबर किंवा बाजरीच्या वाफवलेल्या कण्यांबरोबर खातात. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या होत्या, बाजरीचा भरडा होता, पण ते गरिबीचं म्हणून मागे पडलं. बाजरी जाडसर भरडून, कोमट पाण्याचा हात लावून, चाळणीत वाफवली की पाऊण तासात होते, आणि झाकून ठेवली तर तशीच मोकळी राहते. दोन भांडी, दोन डाव, आणि सगळे एकदम बसलेले.

केळ्याबद्दल थोडक्यात सांगते. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागातली केळी देशभर जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की उभे बाग एका संध्याकाळी आडवे होतात, तेही इथल्या माणसाला ठाऊक आहे. घड कच्चेच जमिनीवर पडतात आणि मातीमोल भावाने जातात. माझ्या वर्गातल्या किती तरी जणींच्या माहेरी बाग आहे. त्या दिवसांत त्यांचा आवाजच वेगळा असतो. कोलंबिया, इक्वेडोर आणि कॅरिबियन बेटांवर कच्च्या केळ्यावर रोजचं जेवण उभं आहे, म्हणून त्या आठवड्यात मी तेच शिकवते. हाताला तेल लावून सोलायचं, नाहीतर चीक काळा पडतो. दोन बोटं जाड तुकडे मध्यम तेलात पिवळे होईपर्यंत तळायचे, वाटीच्या बुडाने दाबून चपटे करायचे, मिठाच्या पाण्यात बुडवून निथळायचे आणि कडक तेलात पुन्हा तळायचे. तिथे याला जाड सालीचं, भाजीचं केळं वापरतात. आपलं केळं नाजूक असतं, म्हणून ते आधी सालासकट दहा मिनिटं वाफवलं तर तुकडे फुटत नाहीत. त्यावर चवळी, कांदा, लिंबू. बागेचं नुकसान याने भरून येत नाही. पण माहेरहून आलेला पोतंभर माल टाकून द्यावा लागला नाही, एवढं तरी होतं.

सुदानची किस्रा मी सगळ्यात शेवटी शिकवते, कारण तिला हात बसावा लागतो. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून त्याचं पातळ घावन, कागदासारखं. ज्वारीचं मूळ घर तेच. आपण बिबडे करायला ज्वारी भिजवून आंबवतो, त्यामुळे आंबलेल्या ज्वारीचा वास इथल्या कुणाला परका वाटत नाही. किस्राही गार खाता येते. थप्पी करून ठेवायची, आणि मध्ये एकच मोठं ताट, त्यात रस्सा. सगळे त्याच ताटातून तोडून खातात. काही घरांत एका ताटात जेवायला संकोच वाटतो. तिथे वेगळी ताटं घ्यावीत, त्याने काही बिघडत नाही.

एवढं सगळं शिकवताना मला आपलंच एक जेवण नव्याने दिसायला लागलं. वरण-बट्टी. बट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजा की वाफवून तळा, ती आधी होऊन परातीत येते आणि मग सगळे बसतात. थंडीतली शेतातली भरीत पार्टी तशीच. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायला पुरुष पुढे असतात, कळण्याच्या भाकरी किंवा पुऱ्या आधीच करून नेलेल्या असतात आणि बायका बांधावर निवांत जेवतात. म्हणजे असं जेवण आपल्याला येत होतंच. आपण ते सणाला आणि शेतावर ठेवलं, रोजच्या रात्रीला आणलं नाही. आता माझ्या वर्गातल्या काही जणी बुधवार किंवा शनिवार बट्टीचा ठरवतात. रोजची भाकरी सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, मलाही ती हवीच असते. आठवड्यातल्या दोन रात्री तवा आधी उतरला, तरी पुष्कळ झालं.

नवऱ्यांचं काय, असं मला नेहमी विचारलं जातं. माझा अनुभव असा की पोळी-भाकरीपासून लांब राहणारा पुरुष तोर्तियाच्या यंत्रापाशी येऊन उभा राहतो. दाबायला मजा वाटते म्हणून असेल, किंवा हे काम आपलं नाही असं त्याला अजून कुणी सांगितलेलं नसतं म्हणून असेल. कारण काहीही असो, मी बायकांना सांगते, त्याला हटकू नका आणि कौतुकही फार करू नका. गोळे करून द्या आणि कोबी चिरायला बसा. बसून चिरा.

येत्या मे महिन्यात गाझपाचो घ्यायचं ठरवलं आहे. स्पेनचा अंदालुसिया भाग आपल्यासारखाच भाजून काढणारा. तिथले शेतमजूर शिळा पाव, लसूण, तेल आणि शिरका एकत्र वाटून खायचे. टोमॅटो अमेरिकेतून आल्यावर तोही त्यात पडला. पिकलेले टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या, भिजवलेला शिळा पाव, तेल, शिरका, मीठ असं सगळं वाटून, माठातल्या पाण्याने सैल करून गारच प्यायचं, वर उकडलेल्या अंड्याचे तुकडे. अंडं सकाळीच उकडलेलं असलं की संध्याकाळी गॅस पेटवायचाच नाही. ऑलिव्हचं तेल परवडत नाही, म्हणून मी घाण्याचं शेंगदाणा तेल घालून पाहिलं, चांगलं लागतं. धुळ्याच्या एकीने आत्तापासूनच विचारून ठेवलंय, पावाच्या जागी कालची दादरची भाकरी भिजवून चालेल का. चालायला हरकत नसावी, फक्त ती थोडी जास्त वेळ भिजवावी लागेल आणि लसणाची एखादी पाकळी वाढवावी लागेल. पुढच्या गुरुवारी देवपुरात आधी तेच करून बघणार आहोत.